परड्यातली पाखरं आणि खारी : आधी बघा, मग हाकला



आज ऊस नाही, सोयाबीन नाही, खताची मात्रा नाही. आज बोलायचं आहे ते तुमच्या घरामागच्या परड्याबद्दल आणि तिथं रोज येणाऱ्या पाखरांबद्दल, खारींबद्दल. कुणी म्हणेल, हा काय शेतीचा विषय झाला? पण विषय मी शोधलेला नाही, तो पत्रातून आला आहे. करवीर तालुक्यातल्या एका श्रोत्यानं लिहिलं आहे की परड्यात पेरूची चार आणि नारळाची दोन झाडं आहेत. पेरू खारी आणि राघू ठेवत नाहीत, कोवळे नारळ गळून पडतात. तेव्हा दाण्याला चोळून ठेवायला एखादं जालीम औषध सांगावं.

औषध मी सांगणार नाही. विषाचा दाणा परड्यात टाकला की तो कुणी खायचा हे तुमच्या हातात राहत नाही. खार खाईल, तशी तुमची कोंबडीही खाईल. मेलेलं पाखरू मांजर ओढून नेईल, कुत्रं खाईल. रांगतं पोर तिथंच मातीत खेळत असतं. आणि शेताकडून मोर परड्यात उतरला तर? 1963 पासून तो आपला राष्ट्रीय पक्षी आहे. मोराला विष घालणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि 'मी खारीसाठी टाकलं होतं' हे उत्तर तिथं चालत नाही. पण कायदा बाजूला ठेवू. मला पहिला प्रश्न वेगळाच विचारायचा आहे. पेरू खारीच खातात हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय का?

हे विचारायचा अधिकार मला आहे, कारण मी स्वतः या बाबतीत फसलोय. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या परड्यात असाच पेरू होता. सकाळी उठावं तर खाली चार-पाच कुरतडलेली फळं. झाडावर खार दिसायची, म्हणून गुन्हेगार खार. मी लोखंडी पिंजरा आणला, आत शेंगदाणे ठेवले, आणि पंधरा दिवसांत सात खारी धरून लांब ओढ्यापलीकडं सोडल्या. ते करायला नको होतं, पण केलं. पेरू पडायचे थांबले का? नाही. आठ दिवसांत शेजारच्या चिंचेवरनं दुसऱ्या खारी आल्या, त्या वेगळ्याच. शेवटी आमची आजी म्हणाली, "आरं, खार रातीची कवा फिरती व्हय? तू सांजच्याला फळं मोज आणि सकाळी मोज." मोजली. पडझड सगळी रात्रीची निघाली. बॅटरी घेऊन बसलो, तेव्हा नऊच्या सुमाराला वटवाघळं आली. खारीला दिवसाउजेडीच दिसतं, दिवस मावळला की ती ढोलीत जाते, हे शेतकऱ्याच्या पोराला माहीत असायला हवं होतं. पण रागावलेला माणूस बघत नाही.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या बंधूंना सांगणं एवढंच, की आठ दिवस नुसतं बघा. शाळेच्या जुन्या वहीची चार पानं आणि पेन्सिल पुरे. सकाळी दिवस उगवल्यापासून अर्धा तास आणि संध्याकाळी दिवस मावळायच्या आधी अर्धा तास, चहाचा कप घेऊन पडवीत नाहीतर मागच्या दारात बसा. हालचाल करू नका, बोलू नका. पहिल्या दिवशी काही दिसणार नाही. तिसऱ्या दिवसापासून पाखरं तुम्हाला खांब समजतील. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या : कोण आलं, किती वाजता आलं, आणि चोचीत किंवा तोंडात काय होतं. पोरांना सोबत घ्या, त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तल्लख असतात.

पडलेलं फळही हातात घेऊन बघा. राघू फळाला मोठे लचके तोडतो, अर्धं खाल्लं की टाकतो आणि दुसरं धरतो. नुकसान त्याच्या खाण्यापेक्षा टाकण्यानं जास्त. खारीनं खाल्लेल्या फळावर पुढच्या दातांच्या बारीक, शेजारी शेजारी ओळी उमटतात. वटवाघूळ बऱ्याचदा फळ तोडून दुसऱ्या झाडावर नेतं, चावून रस घेतं आणि चोथ्याची गोळी थुंकतं. असे चोथे आंब्याखाली किंवा वडाखाली सापडले की ओळखायचं. बुलबुल आणि तांबट पिकलेल्या फळाला भोक पाडून आतला गर खातात. आणि पुष्कळ फळं यातल्या कुणीच पाडलेली नसतात. पेरू फोडून बघा, आत पांढऱ्या बारीक अळ्या वळवळत असतील तर तो फळमाशीचा प्रताप आहे. किडकं फळ आधी मऊ पडतं, मग गळतं, आणि नंतर पाखरू त्यावर येतं. आपण येतो तेव्हा पाखरू दिसतं, माशी दिसत नाही.

नारळाचंही तसंच. गळलेल्या कोवळ्या नारळाला देठाजवळ भोक असेल तर बहुतेक वेळा तो झाडावर चढणारा उंदीर असतो आणि तो रात्रीचा पाहुणा आहे. दिवसा शेंड्यावर खार दिसली म्हणून तिच्यावर आळ घेऊ नका.

एक सांगायचं राहील म्हणून इथंच सांगतो. 'पोपटानं खाल्लेला पेरू गोड' म्हणून उष्टं फळ पोरं खातात, आपणही लहानपणी खाल्लं. आता ते बंद करा. ते फळ रात्री वटवाघळानं चाखलेलं असू शकतं आणि वटवाघळाच्या लाळेतून निपाहसारखे आजार येऊ शकतात. उष्टं, चावलेलं फळ माणसानं खायचं नाही.

आता वहीत आणखी काय दिसेल ते बघू, कारण ते फक्त नुकसानीचं नसतं.

दोडक्याच्या वेलावर शिंपी पक्षी पानं उलटी करून बारीक अळ्या टिपताना दिसेल. हा एवढासा, अंगठ्याएवढा पक्षी. वांग्याची नाहीतर लिंबाची पानं दोऱ्यानं शिवल्यासारखी जोडून त्यात घरटं करतो. उन्हाळ्यात, पावसाळ्यात फांदी छाटायच्या आधी पान वर करून बघत जा. दयाळ सकाळी शेवग्याच्या शेंड्यावर गातो आणि मग खाली उतरून किडे उचलतो. कोतवाल तारेवरनं झेप घेऊन उडता पतंग धरतो. सातभाई पाचोळा उलटापालटा करत असतात, तिथं त्यांना नाकतोडे, किडे सापडतात. भारद्वाज, ज्याला आपल्याकडं कुंभारकावळाही म्हणतात, कुंपणाकडेनं चालत गोगलगायी आणि सुरवंट खातो. लोक त्याच्या दर्शनाला शुभ मानतात, ते असो, पण गोगलगाय खाणारा पाहुणा बागायतदाराला शुभच. चिमणी मोठी झाल्यावर दाणे खाते खरी, पण पिल्लांना अळ्या आणि किडे भरवते. घरट्यात ये-जा करणारी चिमणी एका सकाळी किती खेपा करते ते पोराला मोजायला सांगा.

खारीचा हिशेब मात्र मिश्र आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. ती फळं खाते, पेरलेला शेंगदाणा उकरते, कोवळ्या कळ्या खुडते आणि संधी मिळाली तर पाखरांची अंडीही खाते. सोबत वाळवी, किडेही खाते. आपल्या भागात तिच्या पाठीवरचे पट्टे मोजा, ही एक मजा आहे. दक्षिणेकडच्या खारीला तीन पांढरे पट्टे असतात, उत्तरेकडच्या जातीला पाच; महाराष्ट्रात दोन्ही सापडतात. रामानं पाठीवरनं बोटं फिरवली ही गोष्ट तीन पट्ट्यांना बरी लागू पडते. आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात झाडावरनं झाडावर उड्या मारणारं तांबूस मोठं शेकरू हे याच खारीच्या कुळातलं. तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तो परड्यात येत नाही, पण राधानगरीकडं सोयऱ्यांच्या गावी गेलात तर वर मान करून चाला.

दाणा खाणारं पाखरू किडाही खातं, हे कुणी गंमत म्हणून सांगितलेलं नाही. बिहारात पुसा इथं सरकारी शेती संशोधन संस्थेत सी. डब्ल्यू. मेसन नावाच्या संशोधकानं पक्ष्यांच्या पोटात काय काय सापडतं याच्या नोंदी केल्या आणि 1912 साली त्या पुस्तकरूपानं छापल्या गेल्या. इकडं चीनमध्ये 1958 साली सरकारनं चिमणी ही धान्याची शत्रू ठरवली. लोकांनी थाळ्या-डबे बडवून चिमण्यांना बसू दिलं नाही, दमून पडेपर्यंत उडवलं, घरटी मोडली. पुढं पिकावर किडी वाढल्या, शास्त्रज्ञांनी चिमण्यांच्या पोटातल्या किडी दाखवल्या, तेव्हा 1960 साली चिमणीचं नाव त्या यादीतून काढून तिथं ढेकणाचं नाव घातलं. त्या काळात तिथं मोठा दुष्काळ पडला, त्याची कारणं इतरही होती. पण चिमणीला मारून धान्य वाढलं नाही, हे खरं.

परड्यातल्या पाखरांचा आणखी एक उपयोग आहे, तो पैशात मोजता येत नाही. ती राखण करतात. सातभाई एका जागी गोळा होऊन कर्कश ओरडायला लागले, खार फांदीवर उलटी होऊन शेपटी झटकत एकसारखं 'चिक्-चिक्' करायला लागली, साळुंक्या वरून झेपा घ्यायला लागल्या, की समजायचं तिथं मांजर आहे नाहीतर साप. शिक्रा आला तर उलट सगळं एकदम चिडीचूप होतं. आमच्या घरी एकदा जळण रचलेल्या कोपऱ्यात असाच कालवा चालला होता. सून जळण आणायला निघालेली. आजीनं दारातनंच हाक मारली, "थांब गं, पाखरं का वरडत्यात बघ आधी." लांब काठीनं वरची लाकडं सरकवली तर खाली घोणस, वेटोळं घालून. हात घातला असता तर काय झालं असतं ते सांगायला नको. पाखरांचा आवाज ओळखायला पैसे पडत नाहीत, पण तो रोज ऐकणाऱ्यालाच ओळखता येतो. आणि विषय निघालाच आहे तर, साप चावला तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. माणसाला चालू न देता, हात-पाय न हलवू देता, जिथं सापाच्या विषावरची लस मिळते त्या दवाखान्यात न्या.

परड्यातनं आता थोडं शेतात जाऊ, कारण पाखरं तीच आहेत. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात उसाला हुमणी किती त्रास देते हे मी तुम्हाला काय सांगायचं! मुळं खाल्लेला ऊस हातानं उपटून येतो. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या, मृगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतनं निघतात आणि कडुनिंब, बाभळ, बोरीवर जमतात. त्या वेळी फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे, हे सगळ्या गावानं मिळून करायचं काम. पण त्याआधी नांगरट आहे. नांगरामागं बगळे, कावळे, साळुंक्या चालतात ते तुम्ही जन्मापासून बघताय. ते वर आलेली अळी आणि कोष वेचतात. आता माझं म्हणणं एवढंच, की नांगरट शक्यतो सकाळी करा. हल्ली ट्रॅक्टर मिळतो तसा, रात्री दिवे लावून शेत नांगरून घेतात. रात्री वेचायला कोण येणार? जी अळी वर आली ती सकाळपर्यंत पुन्हा मातीत शिरलेली असते. तोच ट्रॅक्टर, तेच डिझेल, नुसती वेळ बदलली तर बगळ्यांची फुकटची मजुरी मिळते.

हुमणीसाठी पूर्वी फोरेटचे दाणे टाकत. ते वेचून पाखरं मरत, आणि हाताळणाऱ्या माणसालाही ते घातक होतं. सरकारच्या 2018 च्या आदेशानं फोरेट 31 डिसेंबर 2020 पासून बंद झालं. कुणाच्या गोठ्याच्या माळ्यावर जुनी पिशवी पडली असेल तर ती वापरू नका, पोरांच्या हाताला लागू देऊ नका, आणि तिचं काय करायचं ते कृषी सहायकाला विचारा. उंदरासाठी ब्रोमॅडिओलोनसारखं औषध ठेवलं तर उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस गुंगल्यासारखा फिरतो. तसला उंदीर गव्हाणी घुबडानं उचलला की विष घुबडाच्या पोटात. घुबडाला अपशकुनी म्हणून दगड मारणारे अजून आहेत. उंदरांवर रात्रपाळी करणारा तो एकटा गडी आहे, त्याला कशाला मारता? मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा.

तर मग पेरूचं काय करायचं? फळ सुपारीएवढं मोठं झालं की कागदी किंवा कापडी पिशवी बांधा. वेळेवर बांधली तर माशी, राघू आणि वटवाघूळ तिघांपासून बऱ्यापैकी बचाव होतो. एका झाडाला बांधायला एक दुपार लागते. शेंड्याची, हात न पोचणारी फळं पाखरांची म्हणून सोडा. गळलेली किडकी फळं रोज उचलून पुरा, नाहीतर माशी तिथंच वाढते. नारळाच्या बुंध्याला माणसाच्या उंचीच्या वर, हातभर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळून बसवा, उंदीर आणि खार दोघंही त्यावरनं घसरतात. मात्र शेजारच्या झाडाची फांदी नारळाला टेकत असेल तर पत्रा फुकट, आधी ती फांदी तोडा. शेंगदाणा टोकला तर पहिले दहा दिवस राखण हवी. वर पाचट पसरून काटेरी डहाळ्या टाका. मक्याच्या कडेच्या ओळींची कणसं त्याच झाडाच्या पानानं गुंडाळली तर राघूला दाणा सहज दिसत नाही. चमकणारी फीत दाणा दुधात यायच्या सुमाराला बांधा, आधीपासून बांधली तर पाखरं तिला सरावतात. हरभऱ्यात, तुरीत एकरी वीसेक पक्षीथांबे लावा, कोतवाल आणि साळुंक्या त्यावर बसून अळ्या टिपतात. ज्वारीत लावले असतील तर दाणा भरायला लागला की काढून घ्या. नायलॉनची बारीक जाळी झाडावर सैल टाकून ठेवू नका. तिच्यात पाखरू अडकतं, सापही अडकतो, आणि अडकलेला साप सोडवायला कोण जाणार?

राघू धरून पिंजऱ्यात घालायचा विचार असेल तर तोही सोडा, तो गुन्हा आहे.

आता उन्हाळा तोंडावर आलाय. मातीचं पसरट परळ घ्या, त्यात दोन बोटं पाणी आणि मधे एक दगड ठेवा, म्हणजे लहान पाखरू बुडत नाही. परळ झुडपाला चिकटून ठेवू नका, मांजर दबा धरतं. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील. दाण्यापेक्षा पाण्याची गरज जास्त असते. दाणे घालायचेच तर मूठभर ज्वारी किंवा तांदळाची कणी घाला. फरसाण, खारट-तिखट उष्टं घालू नका. पाणी प्यायला तीच पाखरं येतील जी पेरू खातात, पण तहान भागली तर रसाळ फळावरचा त्यांचा मारा थोडा कमी होतो असा माझा अनुभव आहे. तुमचा काय आहे ते वहीवरनं कळवा.

चिमण्यांबद्दल तक्रार येते की त्या कमी झाल्या. स्लॅबच्या घरात वळचण नाही, खळी गेली, मळणी यंत्रात होते, मग चिमणीनं राहायचं कुठं आणि खायचं काय? नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी काम सुरू केलं आणि 2010 पासून 20 मार्च हा जगभर चिमणी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी भाषण नको. एक जुनं मडकं घ्या, सव्वा इंचाचं भोक पाडा, मांजराच्या उडीच्या वर वळचणीला टांगा. आपल्या राज्य सरकारनं 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. 5 तारीख मारुती चितमपल्लींची जन्मतारीख आणि 12 सलीम अलींची. शाळेतल्या गुरुजींना सांगून त्या आठवड्यात पोरांची परड्यातली वही वर्गात वाचायला लावा.

एक इशारा. परड्यात किंवा गावात एकदम पुष्कळ कावळे, कोंबड्या मेलेल्या दिसल्या तर हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला होता, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या.

पत्र लिहिणाऱ्या बंधूंनी आठ दिवसांची वही भरून पाठवावी. राघू किती, खारी किती, वटवाघळं किती आणि अळी किती फळांत निघाली एवढं लिहिलं की पुरे. बाकीच्यांनी एक काम करावं. उन्हाळ्याच्या शेवटी पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणून ओरडायला लागतो. या वर्षी तो पहिल्यांदा कधी ऐकला ती तारीख, तुमच्या गावचं नाव, आणि त्यानंतर पेरणीजोगा पाऊस कधी झाला ते एका कार्डावर लिहून कार्यक्रमाच्या पत्त्यावर टाका. पावसाळ्यात सगळी कार्डं एकत्र वाचून दाखवू.

रामराम.